दुपारी वाहणारी मोरी

आमच्या न्हाणीघराची मोरी सकाळी तुंबते आणि दुपारी आपोआप मोकळी होते, हे वाक्य मी ज्याच्या ज्याच्यापुढे उच्चारलं, त्या प्रत्येकाने आधी मला नीट निरखून पाहिलं आणि मग माझ्या बायकोकडे सहानुभूतीने पाहिलं. एखाद्याने हे हसण्यावारी नेलं असतं. पण मी विमा कंपनीतला निवृत्त सर्व्हेअर. गोदामाला आग कशी लागली, काथ्याच्या गाठी कशा भिजल्या, भरलेला ट्रक नेमका विमा उतरवल्यावरच पुलावरून कसा कोसळला, यामागची खरी कारणं खणून काढण्यात माझा जन्म गेला. केरळात आलप्पुळ्याच्या बाजारात 'कैमळसार आले' एवढं ऐकून भलेभले व्यापारी दुकानाच्या मागच्या दाराने बाहेर पडायचे. अशा माणसाला स्वतःच्या मोरीपुढे हात टेकावे लागले, म्हणजे काय झालं असेल याची कल्पना करा.

निवृत्तीनंतर आम्ही निलगिरीच्या डोंगरात घर घेतलं, कारण माझ्या बायकोला, विलासिनीला, घामाचा तिटकारा. तीन मजली लहानशी इमारत. तळमजल्यावर वेदनायकी टीचर राहतात. त्या शाळेतून निवृत्त झाल्या, शिकवण्यातून झालेल्या नाहीत. मधल्या मजल्यावर आम्ही. वर आरोग्यसामी, चहाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात हयात गेलेले, आणि त्या बळावर सोसायटीचे तहहयात अध्यक्ष. तिघांच्या सांडपाण्याला मिळून एकच पाइप. तो बाहेरच्या भिंतीवरून खाली उतरतो आणि टीचरच्या बागेखालून रस्त्यावरच्या गटारात जातो. पाइपाबद्दल एवढी माहिती मला पूर्वी नव्हती. सुखी माणसाला पाइपाची माहिती नसते.

मग अम्मा आली. अम्मा म्हणजे माझी आई. बाबा गेल्यापासून ती आलप्पुळ्याला चेट्टनकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे होती. चेट्टन वकील आहे. तो घरातही वकीलच असतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या बायकोचं आणि अम्माचं मासळीच्या कालवणात कोकम किती घालावं यावरून वाजलं आणि अम्माने मला फोन केला, "पप्पन, मी तुझ्याकडे येते." मला इतका आनंद झाला की मी लगेच चेट्टनला फोन केला. तो म्हणाला, "ने की. त्या बर्फात ती टिकायची नाही. दिवाळीच्या आत मलाच गाडी घेऊन यावं लागणार आहे. तू तर लहानपणी मांजर सुद्धा सांभाळू शकला नव्हतास." मांजराचं प्रकरण वेगळं होतं, पण ते असो. त्या क्षणी मी ठरवलं की अम्मा आता माझ्याकडेच राहणार. यात प्रेम किती आणि चेट्टनची जिरवणं किती, याची टक्केवारी मी तेव्हाही काढली नाही आणि आताही काढणार नाही.

अम्माला ठेवून घेणं अवघड नव्हतं. तिची मागणी एकच. पहाटे उठायचं, डोक्यापासून तळव्यापर्यंत खोबरेल तेल चोपडायचं, मुगाच्या पिठाने ते काढायचं, भरपूर पाण्याने आंघोळ करायची आणि मग देवापुढे दिवा लावायचा. आंघोळ नाही तर दिवा नाही, दिवा नाही तर पाण्याचा घोट नाही. हे तिचं पन्नासेक वर्षांचं व्रत. तेलसुद्धा विकतचं नाही. माका, ब्राह्मी, जास्वंदीची पानं घालून ती ते स्वतः कढवते. कढवायला बसली की शेजाऱ्यांनीही मोठ्याने बोलायचं नाही असा नियम आहे.

सुरुवातीचे दिवस छान गेले. मग थंडी पडली, आणि एका पहाटे न्हाणीघरातून हाक आली, "पप्पन! पाणी जातच नाहीये!" मी धावलो. दाराच्या फटीतून पाणी बाहेर येत होतं आणि अम्मा आत घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. "या उष्ट्या पाण्यात उभं राहून केलेली आंघोळ ही आंघोळ नव्हे," असं जाहीर करून ती तशीच बाहेर आली. दिवा लागला नाही. अम्माने कांजीचं भांडं परत पाठवलं. तेवढ्यात खालून वेदनायकी टीचर दारात हजर.

"कैमळसार," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात आंघोळ चालली आहे ना?"

"हो. का?"

"माझ्याही घरात चालली आहे. मी केलेली नसताना."

आमचं पाणी त्यांच्या मोरीतून वर आलं होतं. मी माफी मागितली. बांबूची कामटी आणून मोरीत घातली, ती निम्मी आत राहिली. मी प्लंबरला फोन केला.

सेल्वराज हा आमच्या गावातला एकमेव प्लंबर, आणि त्याला ते ठाऊक आहे. तो आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. त्याने बादलीभर पाणी ओतलं. पाणी घळाघळा वाहून गेलं. त्याने आणखी एक बादली ओतली. तीही गेली.

"सार, हे तर वाहतंय."

"आत्ता वाहतंय. सकाळी तुंबलं होतं."

"मग सकाळी बोलवायचं."

"सकाळीच बोलावलं होतं! तू आत्ता आलास."

"या थंडीत उन्हं वर यायच्या आधी पाण्यात हात कोण घालणार, सार?" असं म्हणून त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझी चूक झाली हे मलाच पटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. पहाटे तळं, दुपारी कोरडं ठणठणीत. अम्माचे उपास सुरू झाले. म्हणजे दुपारी मोरी मोकळी झाली की ती आंघोळ करायची, संध्याकाळच्या दिव्याबरोबर सकाळचाही लावायची आणि मग जेवायची. पण तोवर ती चेट्टनला फोन लावून मोकळी झालेली असायची. तक्रार म्हणून नव्हे हो. ती फक्त सांगायची, "बाला, मी बरी आहे. अजून काही खाल्लेलं नाही, पण बरी आहे." मग चेट्टन मला फोन करायचा आणि नुसता उसासा टाकायचा.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आरोग्यसामींनी कानटोपी सारखी करत मोरीपाशी बसून पाहणी केली. "हवेचा दोष आहे, कैमळसार. पाइपाला श्वास घेता येत नाही. बॉयलरचंही असंच असतं. पाण्याला जायला वाट हवी, तशी हवेला यायला वाट हवी." हे इतकं खोल होतं की मी भारावलो. सेल्वराजने आमच्या पाइपाला गच्चीपर्यंत एक श्वासनलिका चढवली. ती नेमकी आरोग्यसामींच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीशेजारून गेली. पहिल्याच रात्री पाइपाने इतका मोकळा श्वास घेतला की दुसऱ्या दिवशी आरोग्यसामींनी स्वतः करवत घेऊन नळी कापली आणि तोंडाला चिंधी कोंबली. मोरी तुंबलेलीच होती. त्यानंतर त्यांनी बॉयलरचं नाव काढलं नाही.

मग सेल्वराज म्हणाला, दोष उताराचा आहे. आधीच्या प्लंबरने उतार उलटा ठेवलाय. आधीचा प्लंबर कोण, हे कुणालाच माहीत नसतं. तो जगातल्या सगळ्या घरांमध्ये काम करून गेलेला असतो आणि त्याला कुठेच काही जमलेलं नसतं. न्हाणीघराच्या फरश्या उखडल्या. नवीन उतार केला, त्यासाठी जमीन चार बोटं उंच झाली, त्यामुळे दार लागेना. दार खालून तासलं, तर दाराखालून पाणी थेट बैठकीत यायला लागलं. पूर्वी ते दाराशी थबकायचं तरी. विलासिनी म्हणाली, "अहो, आता एखाद्या चांगल्या माणसाला विचारा."

"म्हणजे मी वाईट माणूस आहे?"

"तुम्ही सर्व्हेअर आहात," ती म्हणाली. हे उत्तर आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

चांगला माणूस म्हणजे नगरपालिकेचा. मी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. सांडपाण्याचे निरीक्षक तंगमणी यांनी तो वाचला आणि विचारलं, "पाहणीच्या वेळी मोरी तुंबलेली असेल ना?"

"पाहणी कधी असते?"

"जेवणानंतर."

"तेव्हा ती वाहत असते."

"मग तक्रार काय आहे?"

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनीही मला समजावून सांगितलं की वाहत्या मोरीविरुद्ध तक्रार घेण्याची तरतूद नाही. तुम्ही पहाटे या, असं मी सुचवलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे दोघे कारकून तोंड फिरवून हसले. मग मी शेवटचं अस्त्र काढलं. आमच्याकडे नळीत वाफवलेला तांदळाचा पुट्टू आणि काळ्या चण्यांची उसळ अशी होते की मलबारातली माणसं डोंगर चढून खायला येतील, असं मी हळूच म्हणालो. तंगमणींचा चेहरा बदलला. सरकारी माणूस थंडीला भितो, पण त्याहून जास्त तो बायकोच्या रोजच्या इडलीला कंटाळलेला असतो.

ठरल्या दिवशी ते खरंच पहाटे आले. मी त्यांना थेट न्हाणीघरात नेलं, विजयी मुद्रेने बादली उचलली आणि ओतली. पाणी घळाघळा वाहून गेलं. मी दुसरी ओतली, तिसरी ओतली. मी बादली ओतत राहिलो आणि तंगमणी दारात उभे राहून बघत राहिले. शेवटी त्यांनी माझ्या हातून बादली काढून घेतली.

"सार," ते फार मऊ आवाजात म्हणाले, "निवृत्तीनंतर वेळ जात नाही. माझ्या सासऱ्यांचंही असंच झालं होतं. त्यांना छतावर माणसं चालल्याचं ऐकू यायचं. तुम्ही एखादा बगीचा करा." मग त्यांनी दोन वेळा पुट्टू मागून घेतला.

ते गेल्यावर मी विलासिनीवर उखडलो. "आजच कशी वाहिली?"

"मला काय माहीत? पाहुणा येणार म्हणून मी तर रात्रीपासून हंडे हंडे कढत पाणी ओतून न्हाणीघर घासत होते. तुमचीच लाज राखायला."

तिने लाज राखली, आणि नेमकी त्यामुळेच माझी गेली. दुसऱ्या पहाटे मोरी पुन्हा तुंबली. या वेळी अम्मा सरळ फोनकडे गेली. ते मला फार लागलं. माझ्या घरात माझी आई उपाशी बसत होती, आणि मला एक पाइप आवरत नव्हता.

आता उरला होता टीचरच्या बागेखालचा भाग. सेल्वराजचं म्हणणं पडलं की कुंपणापाशी जे जुनं झाड आहे, त्याची मुळं पाइपात शिरली असणार. "रात्री मुळं पाणी पितात आणि फुगतात, सार. दुपारी सुकतात." मी सर्व्हेअर असूनही मला हे पटलं. कंटाळलेल्या माणसाला काहीही पटतं. अडचण एवढीच की पाइप जिथून जातो तिथेच वेदनायकी टीचरचा डेलियांचा वाफा होता आणि क्लबचं पुष्पप्रदर्शन तोंडावर आलं होतं. दरवर्षी त्यांचा नंबर थोडक्यात हुकायचा. या वर्षी त्यांच्या वाफ्यात ताटाएवढी तीन लालबुंद फुलं उभी होती. त्या रोज संध्याकाळी त्यांच्याशी बोलायच्या.

"वाफा खणायचा?" त्या म्हणाल्या. "कैमळसार, आधी मला खणा."

मी परत आलो. पण दुसऱ्या पहाटे आमचं पाणी त्यांच्या देवघरापर्यंत गेलं आणि त्यांच्या चपला त्यावर तरंगत मुरुगनच्या पायाशी जाऊन लागल्या. टीचर वर आल्या. डोळे लाल. "खणा," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मला त्यांची खरोखर दया आली. पण अम्माचा चेहरा आठवला आणि मी पहार आणायला गेलो.

या वेळी मी एक अट घातली. खणायचं ते पहाटेच, मोरी तुंबलेली असताना, गुन्हेगार रंगेहाथ सापडायला हवा. सेल्वराज तयार होईना. पण त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला आरोग्यसामी धर्मपिता म्हणून उभे राहिले होते. त्यांनी नुसतं डोळे वटारले आणि तो मफलर गुंडाळून, थरथरत, शिव्या गिळत हजर झाला. दव पडलं होतं. टीचर शाल पांघरून पायरीवर बसल्या होत्या. पहिल्या घावाला मोठं लाल फूल मातीत पडलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. आम्हीही तिकडे न बघता खणत राहिलो.

पाइप लागला. एकही मूळ नव्हतं. सेल्वराजने पाइप कापला, आत हात घातला, ओढला, आणि दंडाएवढा जाड, पांढराशुभ्र, टणक सोटा बाहेर आला. मग दुसरा. मग तिसरा. आम्ही ते वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतका ढळढळीत पुरावा मला कधी मिळाला नव्हता.

"व्हाइट सिमेंट," सेल्वराज लगेच म्हणाला. "आधीच्या प्लंबरने धुऊन टाकलेलं."

"सिमेंट कसलं? चुना आहे," आरोग्यसामी म्हणाले. "खालच्या मजल्यावर रंग दिला तेव्हाचा."

"माझ्या मजल्याचं नाव घ्यायचं नाही," टीचर पायरीवरून गरजल्या. "मेणबत्त्या आहेत त्या. आणि मेणबत्त्या या इमारतीत कोण लावतं ते सगळ्यांना माहीत आहे."

आरोग्यसामी लाल झाले. "आमच्या मेणबत्त्या आम्ही चर्चमध्ये लावतो, मोरीत नाही!"

मी दोघांना थांबवलं. "कुणी हात लावायचा नाही," मी जुन्या आवाजात म्हणालो. "पुरावा आहे हा. तंगमणी येऊन बघतील. मला वेडा ठरवतात काय?" मी तंगमणींना फोन केला. पुट्टूची आठवण ताजी असल्यामुळे ते लगेच निघाले. आम्ही सगळे त्या पांढऱ्या सोट्यांभोवती पहारा देत बसलो. विलासिनीने कॉफी आणली. ऊन हळूहळू डोंगरावरून उतरलं, कुंपण ओलांडून बागेत आलं आणि वर्तमानपत्रावर पसरलं.

सगळ्यात आधी सेल्वराजने नाक वर केलं. "सार, कसला वास येतोय?"

छान वास येत होता. माक्याचा, ब्राह्मीचा. आमच्या लहानपणच्या शनिवारांचा. मी खाली पाहिलं. पुराव्याच्या कडा गोल व्हायला लागल्या होत्या. मग त्याला घाम फुटला. बघता बघता तो पसरला, पिवळसर झाला आणि वर्तमानपत्रावरून टीचरच्या उरल्यासुरल्या डेलियांच्या मुळाशी झिरपला. मागे राहिला तो मुगाच्या पिठाचा ओला चिखल. तेवढ्यात वरच्या खिडकीतून अम्मा डोकावली.

"पप्पन! माझं तेल कुणी सांडलं रे बागेत?"

रोज पहाटे विलासिनी गोठलेली तेलाची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करायची, तेव्हा कुठे अम्माच्या हातावर तेल पडायचं. ती बाटली आम्ही घरातली तिघं रोज बघत होतो. बाटलीत जे गोठतं ते पाइपात गोठेल, एवढी साधी गोष्ट बॉयलरवाल्याला सुचली नाही, प्लंबरला सुचली नाही, आणि लोकांच्या आगी उकरून खाणाऱ्या मला तर नाहीच नाही. पहाटे अम्माचं तेल पीठ घेऊन पाइपात जायचं, भिंतीवरच्या गारठ्यात घट्ट व्हायचं, आणि उन्हाने पाइप तापला की पातळ होऊन शहाण्यासारखं निघून जायचं. जमिनीखाली मात्र ते थोडं थोडं मुरून बसलं होतं. त्याच वेळी तंगमणी फाटकातून आत आले. त्यांना एक खड्डा, एक तेलकट वर्तमानपत्र आणि त्याभोवती मान खाली घालून बसलेली चार माणसं दिसली. "बगीचा सुरू केलात, चांगलं केलंत," म्हणाले, आणि पुट्टू नाही असं कळल्यावर परत गेले.

सेल्वराजने पाइप जोडून खड्डा बुजवला आणि संध्याकाळी सोसायटीची सभा झाली. आरोग्यसामी अध्यक्ष. टीचर उभ्या राहिल्या. "तुमच्या आईचं तेल माझ्या फुलांच्या मुळावर आलं, कैमळसार. मला काही नको. फक्त त्यांनी तिळाचं तेल लावावं. आम्ही जन्मभर तेच लावतो. ते कुठे बसून राहत नाही, आलं तसं जातं." सभेने ठराव केला. तिळाचं तेल, नाहीतर पहाटेची आंघोळ बंद. मला विरोध करायला तोंड नव्हतं. मी वर जाऊन अम्माला जमेल तितक्या गोड शब्दांत सांगितलं.

"तिळाचं तेल?" अम्मा म्हणाली. "शनीच्या दिव्यात घालायचं तेल मी डोक्याला थापू? जिवंतपणी?" तिने फोन उचलला. "बाला, गाडी घेऊन ये."

मी तिला विनवलं, हात जोडले. "अम्मा, मी करतो काहीतरी." ती म्हणाली, "तू बरंच केलंस, पप्पन. दार कापलंस, बाग खणलीस, फरशी फोडलीस. आता राहू दे." तिने कपाटातून तिची मुंडू-नेर्यतं, ती काठाची पांढरी वस्त्रं, काढून घड्या घालायला सुरुवात केली. मी लहान असतो तर मोठ्याने रडलो असतो. मोठा असल्यामुळे मी न्हाणीघरात जाऊन, तंगमणी येण्याच्या आदल्या रात्री बायकोने जे केलं होतं तेच केलं. हंडाभर कढत पाणी मोरीत ओतलं. मग आणखी एक. टीचर खालून ओरडल्या, "अजून एक! आत काहीतरी सरकतंय!" मी आणखी एक ओतला. हे रोज केलं तर आंघोळ करायला काय हरकत होती? पण हे सुचायला जरा उशीर झाला होता आणि उजाडताच चेट्टनची गाडी निघणार होती.

चेट्टन दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पोचला. जिंकलेला खटला घ्यायला आलेल्या माणसासारखा वागला. माझा खांदा थोपटला, तासलेलं दार पाहिलं, "वा," म्हणाला. रात्रीच्या जेवणात त्याने मांजराचा विषय दोन वेळा काढला. अम्माची पिशवी दाराशी भरून ठेवली होती. मी जेवलो नाही.

सकाळी चेट्टन आंघोळीला गेला. आलप्पुळ्याचा माणूस, आधी तेल लागतंच. आतून काचेची बाटली आपटल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग दार उघडून तो पंच्यावर बाहेर आला. हातात अम्माची बाटली, उलटी. थेंबही पडत नव्हता.

"पप्पन! हे काय आहे?"

"तेल आहे."

"तेल? हे मेण आहे, मेण! बघ, पांढरं फटक! आईला तू ही भेसळ लावायला देतोस? म्हणूनच मोरी तुंबली. आमच्याकडे खोबरेल तेल कसं असतं? पाण्यासारखं! कुठून आणतोस हे? कोण आहे हा बदमाश तेलवाला? मी त्याला ग्राहक मंचात खेचतो!"

मी तोंड उघडलं. कारण सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. आयुष्यभर मी तेच केलं. मग मला त्याच्या मागे उभी असलेली अम्मा दिसली, आणि मी तोंड मिटलं.

"हरामखोर आहे तो," चेट्टन पुढे म्हणाला. "म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर चरबी घालतो! कोण आहे तो, नाव सांग!"

"मी," अम्मा म्हणाली.

चेट्टन वळला.

"मी कढवलंय ते. तुझ्या आजीने शिकवलं तसं. या तेलाने तुझं बारसं झालं, तुझा ताप उतरला, तुझ्या बायकोची बाळंतपणं झाली. साठीपार गेलास आणि खोबरेल गारठ्यात गोठतं हे तुला ठाऊक नाही? भेसळ म्हणे! हरामखोर म्हणे!"

"अम्मा, मला काय माहीत—"

"हेच म्हणते मी. तुला काय माहीत!"

तिने त्याच्या हातून बाटली घेतली, पदराने पुसली आणि पुन्हा फळीवर ठेवली. मग दाराशी जाऊन आपली पिशवी उचलली आणि आत नेली. आम्ही दोघे भाऊ शाळेतल्या पोरांसारखे भिंतीला टेकून उभे राहिलो. चेट्टन पंच्यावर असल्यामुळे जास्त वाईट दिसत होता, एवढंच काय ते मला समाधान.

न्याहारी न करताच तो निघाला. अम्माने गाडीत तेलाची एक बाटली ठेवली, सुनेसाठी. घाट उतरून खाली सपाटीला लागल्यावर त्याचा फोन आला. आवाज अगदी खाली आला होता. "पप्पन, ते तेल पातळ झालंय रे. अगदी पाण्यासारखं. अम्माला सांग, शुद्ध आहे."

मी सांगायला गेलो. अम्मा पलंगावर बसून घड्या मोडून कपडे पुन्हा कपाटात लावत होती. मी निरोप सांगितला. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. "अम्मा, तू राहिलीस म्हणून मला..." एवढंच बोललो आणि तिच्या हातातली घडी घेऊन कपाटात ठेवली. साठीला आल्यावर आईने आपल्याला निवडलं, याचं सुख काय असतं ते ज्याला थोरला भाऊ आहे त्यालाच कळेल.

अम्माने कपाटाचं दार लावलं.

"हुरळून जाऊ नकोस," ती म्हणाली. "देवाने मला दोन मुलगे दिले. एकाला तेल कळत नाही आणि एकाला मोरी कळत नाही. दोघांत तू निदान पाणी तरी तापवतोस. जा, हंडा चढव. माझी आंघोळ राहिली आहे."